जाधव मॅडमचे निरोप समारंभ

जाधव मॅडमनी करमाडच्या टपरीवर मिरचीभज्यांच्या परातीला झेंडूचा हार घातला, तेव्हा टपरीवाल्याला वाटलं, बाईंचा काही नवस असणार. त्यानं चपला काढून हात जोडले. मॅडम म्हणाल्या, "हात नका जोडू, टाळ्या वाजवा. निरोप समारंभ हाय." आणि माझ्याकडं वळून, "पवार सर, वाचा मानपत्र."

मी वाचलं. भर जालना रोडवर, ट्रकांच्या भोंग्यांत, खड्या आवाजात. "सन्माननीय मिरचीभजी, आपण गेली पंचवीस वर्षं ऊन, वारा आणि तेलाची पर्वा न करता..."

याचा खुलासा करायला हवा. मी चिकलठाण्याच्या एका हायस्कुलात मराठी शिकवतो. कुंदा जाधव मॅडम तिथंच गणित शिकवतात. शाळेत कुणी निवृत्त झालं की मानपत्र लिहायचं काम माझ्याकडं असतं. मॅडमचं पोट लहान करायचं ऑपरेशन ठरलं आणि त्यांनी जाहीर केलं, की ज्यांनी ज्यांनी आपली इतकी वर्षं सेवा केली त्या सगळ्या पदार्थांना रीतसर निरोप द्यायचा. गुपचूप सोडून जाणं बरं दिसत नाही.

मॅडमचं वजन तेव्हा एकशे एकोणतीस किलो होतं. त्या ते लपवत नसत. कुणी दबक्या आवाजात विचारलंच तर म्हणायच्या, "एकशे एकोणतीस. दशांश चिन्हाच्या पुढचं सोडून देते." शाळेची स्टाफरूम दुसऱ्या मजल्यावर. जिना चढताना मॅडमना मध्ये तीनदा थांबावं लागायचं आणि त्या थांब्यांना त्यांनी जालना रोडवरच्या गावांची नावं दिली होती. पहिला कठडा शेंद्रा, मधला करमाड, वरचा बदनापूर. स्टाफरूम म्हणजे जालना. शिपाई सांगत यायचा, "मॅडम करमाडला आल्यात, चहा टाकू का?"

"गृहीत धरू नका, सिद्ध करा" हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. मुलगा म्हणाला, पोट दुखतंय, की सिद्ध कर. मुख्याध्यापक म्हणाले, पगार वेळेवर होतील, की सिद्ध करा. डॉक्टरांनी मात्र त्यांना कागदावर सिद्ध करून दिलं. साखर वाढलेली, गुडघे गेलेले, आणि झोपेत श्वास अडकत असावा असा संशय. डॉक्टरांनी विचारलं, "घरातले काय म्हणतात? घोरता?" मॅडम म्हणाल्या, "घरात मी एकटीच. साक्षीदार नाय."

भज्यांनंतरच्या रविवारी आम्ही लासूर स्टेशनच्या बाजारात जिलबीला निरोप द्यायला गेलो. तिथं मॅडम स्वतःच बोलल्या. "वर्तुळाचं सूत्र हाय, शंकूचं हाय, पण हिच्या आकाराचं सूत्र मला उभ्या जन्मात सापडलं नाय. म्हणून मी ही लई खाल्ली. अभ्यास म्हणून." बाजारातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका आजोबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "बाई कोणत्या पक्षाकडनं उभ्या हायेत?"

शेवटचा निरोप नान-खलियाला, म्हणजे मटणाच्या रश्शाला आणि त्यासोबतच्या नानला होता. तो शमीमआपांच्या घरी झाला. शमीम शेख आमच्याच शाळेत हिंदी शिकवतात, आम्ही सगळे त्यांना आपा म्हणतो. मी मानपत्र खिशातून काढलं, तर मॅडमनी हातानंच थांबवलं. नानच्या शेवटच्या तुकड्यानं ताट लख्ख पुसलं आणि म्हणाल्या, "हे भाषणाचं काम नाय." आपा डोळे पुसत म्हणाल्या, "अरे मॅडम, इत्ता कायकू? खलिया कहीं जा नहीं रहा."

"तो नाय जात, आपा. मी चाललेय."

ऑपरेशनच्या आधी पंधरा दिवस नुसतं पातळ पिऊन राहायचं होतं. आणि ते पंधरा दिवस नेमके दिवाळीचे! मॅडमच्या इमारतीत मजल्या-मजल्यावर कढया चढलेल्या. एका सकाळी फोन आला. "सर, खालच्या मजल्यावर चकली तळतायत. वासावरनं भाजणीची वाटती. जरा येऊन सिद्ध करून जा." मी गेलो. खालच्यांच्या घरी चकली खाल्ली आणि वर जाऊन सांगितलं, भाजणीचीच आहे.

"असं नाय. मराठीचे ना तुम्ही? वर्णन करा."

मी वर्णन केलं. काटे कसे, खुसखुशीत किती, तीळ कुठं लागतो. मॅडम ताकाचा पेला हातात धरून डोळे मिटून ऐकत होत्या. मध्येच म्हणाल्या, "मीठ?" मी म्हणालो, किंचित कमी. "वाटलंच. त्या घाईच्या हायेत." त्या दिवाळीत मी चार मजल्यांचा फराळ मॅडमच्या वतीनं खाल्ला आणि माझं वजन तीन किलोंनी वाढलं.

भाऊबीज झाल्यावर दवाखान्यात भरती व्हायचं होतं. भाऊ ओवाळून घेऊन गावी परत गेला होता. कापसाची वेचणी चालू होती, त्याला थांबता आलं नाही. मी आणि आपा सोबत गेलो. फॉर्मवर नातेवाइकाची सही लागत होती. मी म्हणालो, सहकारी लिहा. काउंटरवरचे गृहस्थ म्हणाले, सहकारी चालत नाही, रक्ताचं कुणी हवं. आपांनी पेन ओढून घेतलं. "बहन लिखो."

गृहस्थांनी फॉर्म वाचला. "कुंदा जाधव यांची बहीण शमीम शेख?"

"लग्न झालंय तिचं," मॅडम गंभीरपणे म्हणाल्या. "आडनाव बदललं."

"आणि नाव?"

"तेही सासरी बदललं. तुमच्याकडं बदलत नायत का?"

गृहस्थ दोघींकडं आळीपाळीनं बघत राहिले. मग त्यांना हसू आवरेना. त्यांनी भावाला फोन लावून त्याची तोंडी संमती घेतली आणि खाली आपांची सही घेतली. सर्जन आले तेव्हा मॅडमनी विचारलं, "किती काढणार?" ते म्हणाले, साधारण चार पंचमांश. "आणि टाके किती? सरळ रेषेत का वक्र?" आत नेताना मात्र त्यांनी आपांचा हात असा काही धरला, की परिचारिकेला तो सोडवावा लागला.

ऑपरेशन निर्विघ्न पार पडलं. पुढं मॅडम शाळेत आल्या त्या खोकल्याच्या औषधाचं झाकण घेऊन. दर दहा-पंधरा मिनिटांनी त्या झाकणात मावेल एवढंच पाणी प्यायचं. घटाघटा प्यायलं तर उलटी. नववीचा वर्ग घड्याळ लावून बसायचा. प्रमेय अर्ध्यावर असताना पन्नास पोरं एकदम ओरडायची, "मॅडम, पाणी!" शेजारच्या वर्गातून मी संधी शिकवताना तो घोष ऐकायचो आणि माझी मुलंही नकळत पाण्याच्या बाटल्या काढायची.

घनफळाचा धडा त्यांनी स्वतःवरच शिकवला. फळ्यावर एक गोल काढला. "हे माझं जुनं पोट." शेजारी एक बारीक नळी. "हे नवं. आकार काय झाला?" पोरं ओरडली, "वृत्तचिती!" "शाबास. काढा घनफळ." त्या वर्षी घनफळात नववीतलं एकही मूल नापास झालं नाही.

लग्नसराईत मात्र हाल झाले. आपल्या मराठवाड्यात आग्रहाला औषध नाही. एका मांडवात वरपिता ताट घेऊन मागंच लागले. "मॅडम, एका जिलबीनं काय व्हतंय?" मॅडमनी त्यांना खुर्चीवर बसवलं, पत्रिकेच्या पाठीमागं नळीची आकृती काढली आणि एका जिलबीनं नेमकं काय होतं ते पायऱ्या-पायऱ्यांनी सिद्ध करून दिलं. वरपिता पुढं अर्धा तास दुसऱ्या कुणालाही आग्रह करू शकले नाहीत.

अंगठी सैल होऊन डस्टरसोबत खिडकीबाहेर गेली. ब्लाउज चारदा उसवून शिवावे लागले. "साडीचं बरं असतंय," मॅडम म्हणायच्या, "माणूस अर्धा झाला तरी ती काय विचारत नाय." मार्चमध्ये एक दिवस शिपाई धावत स्टाफरूममध्ये आला. "मॅडम शेंद्र्याला थांबल्याच नायत! नॉनस्टॉप जालना!" आम्ही दारात उभं राहून टाळ्या वाजवल्या. मॅडम धापा टाकत आल्या आणि म्हणाल्या, "सिद्ध झालं!"

दवाखान्यातून एक आहारतज्ज्ञ मुलगी त्यांना फोन करायची. सुरुवातीला रोज दुपारी दीडला, पुढं आठवड्यातून दोनदा. "मॅडम, आज काय काय खाल्लं?" मॅडम वही उघडून, पाठ ताठ करून, विद्यार्थिनीसारखं सांगायच्या. मेच्या सुट्टीत शेवटची तपासणी होती. मी माझ्या गाडीतून त्यांना घेऊन गेलो. मुलगी खूश होती. "मॅडम, आता सगळं छान आहे. मी फोन करायची गरज नाही. वर्षानं या."

मॅडम उठल्या नाहीत. "माझे केस गळायलेत."

"थांबतील ते आता."

"पाणीबी कमी जातंय."

मुलीनं वही चाळली. "पाणी तर भरपूर आहे की, मॅडम."

"व्हय का," म्हणून त्या उठल्या.

परतीच्या वाटेवर आम्ही विमानतळापर्यंत आलो. मॅडम खिडकीतून बाहेर बघतच म्हणाल्या, "आई गेल्यापासून मला कुणी विचारलं नव्हतं, जेवलीस का म्हणून. लोकांचंबी काय चुकलं, सर? एवढी मोठी बाई समोर दिसतीय. ही जेवली नसंल, असं कुणाच्या मनात येणार?"

मी गाडी चालवत राहिलो. घरी आल्यावर आपांना फोन करून मॅडम जे म्हणाल्या तेवढंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दीडला मी मॅडमना फोन लावला. एंगेज. पाच मिनिटांनी लावला, एंगेज. तब्बल वीस मिनिटांनी लागला.

"आपा बोलत होती," मॅडम म्हणाल्या. "बघा ना, सुट्टीत तिला काय उद्योग नाय. काय खाल्लं, किती खाल्लं, सगळं विचारीत बसली. तुमचं काय काम होतं?"

"काही नाही. मॅडम, काय खाल्लं आज?"

"आत्ताच सगळं आपाला सांगितलं की," त्या म्हणाल्या. मग वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. घसा साफ करून त्यांनी सुरुवात केली, "सकाळी सात वाजता, अर्धी वाटी..."