सावंतसाहेबांचा गुडघा

“पप्पा, आपली गाडी भंगारात चालली!” देवेश चपलांसकट आत येत म्हणाला. “खाली नोटीस लागलीय.”

सहदेव परब चहा तसाच टाकून खाली गेले आणि नोटीस दोनदा वाचून आले. डोंबिवलीतल्या त्यांच्या सोसायटीत गाड्या सव्वीस आणि पार्किंगच्या जागा एकोणीस. तेव्हा ज्या गाड्या नुसत्याच उभ्या असतात त्यांच्या जागा काढून घ्यायच्या, असं कमिटीने ठरवलं होतं. रविवारी प्रत्येकाने गाडी कमिटीच्या माणसादेखत चालवून दाखवायची. चालवताना बाहेरच्या कुणाची मदत घेतली तर जागा रद्द. खाली सेक्रेटरी शिवराम सावंत यांची ऐसपैस सही.

जागा गेली की गाडी रस्त्यावर, आणि रस्त्यावर ठेवली की कोणीतरी उचलून नेणार. गाडी एकोणीस वर्षांची, त्यांच्याकडे येऊन अकरा झाली होती. ठाण्यातल्या खोपटच्या डेपोतून निवृत्त झालेल्या एका एसटी ड्रायव्हरकडून घेतलेली. देवेशला दहावीच्या पेपरांना तिनेच नेलं होतं, आणि सहदेवरावांच्या वडिलांना शेवटचं कुडाळला गावीही तिनेच पोचवलं होतं. अशा गाडीला भंगार म्हणायचं?

खरं सांगायचं तर गाडी वाईट नव्हती हो. कागदपत्रं चोख होती, ब्रेक उत्तम होते. तिला फक्त माणसं लागायची. मागचं डावं दार उजव्या वळणावर उघडायचं, म्हणून देवेश त्याला बांधलेली नाडी धरून बसायचा. पुढचा ड्रॉवर उघडला की हॉर्न वाजायचा. का, ते कल्याणच्या तीन मेकॅनिकना कळलं नव्हतं, म्हणून सहदेवरावांच्या पत्नी रचनाताई ड्रॉवरला गुडघा लावून बसायच्या. इंजिन तापलं की रिव्हर्स पडत नसे, त्यामुळे कुठेही जाताना परत कसं यायचं ते आधी ठरवावं लागे. आणि सहदेवरावांच्या आईने, हौसाबाईंनी, ‘गणपती बाप्पा’ म्हटल्यावर सगळ्यांनी ‘मोरया’ म्हटल्याशिवाय गाडी चालूच होत नसे. इतक्या वर्षांत हे सगळं असं अंगवळणी पडलं होतं की सगळ्यांच्याच गाड्या अशा असतात, असं परबांना वाटायचं.

“बाहेरचं माणूस नको ना? मग आपण चौघं घरचे आहोतच की,” रचनाताई म्हणाल्या. “सगळेच जाऊ.”

रविवारी सकाळी सावंतसाहेब पांढरीशुभ्र पँट घालून, हातात पॅड घेऊन आले.

“एवढी वरात कशाला, परब?”

“फिरायलाच निघालोय साहेब. त्यात तुमचंही काम होईल.”

“मी पुढे बसणार. निरीक्षण नीट व्हायला हवं.”

झाली का पंचाईत! रचनाताई मागे गेल्या आणि पुढे वाकून म्हणाल्या, “भाऊ, गुडघा तेवढा ड्रॉवरला टेकवून ठेवा हं.”

“का?”

“असंच. बरं असतं.”

हौसाबाईंनी हात जोडले. “गणपती बाप्पा...”

“मोरया!” तिघं ओरडले. सहदेवरावांनी किल्ली फिरवली. गाडी खोकली आणि गप्प झाली. पुन्हा बाप्पा, पुन्हा मोरया, पुन्हा तेच.

“हा शिवराम म्हणत नाहीये,” हौसाबाई म्हणाल्या.

“आजी, मी निरीक्षक आहे. मला तटस्थ राहावं लागतं.”

“मेल्या, देवाच्या नावाला कसला तटस्थ राहतोस?”

सावंतसाहेब ओठांतल्या ओठांत ‘मोरया’ म्हणाले, आणि गाडी लगेच चालू झाली. त्यांनी दचकून डॅशबोर्डकडे पाहिलं.

बेत साधा होता. गेटबाहेर पडायचं, कोपऱ्यावरून मागच्या गल्लीत शिरायचं आणि दुसऱ्या गेटने आत. पण मागच्या गल्लीच्या तोंडाशी पाइपसाठी हा भला मोठा खड्डा खणलेला.

“घ्या रिव्हर्स,” सावंतसाहेब म्हणाले.

सहदेवरावांनी गिअर टाकून पाहिला. इंजिन एवढ्यातच तापलेलं; कर्रर्र असा आवाज आला. “रिव्हर्स कशाला, साहेब? सरळच जाऊ. पुढे वळण आहे.”

पुढचं वळण म्हणजे कल्याण-शीळ रोड, आणि तिथला दुभाजकातला कट दगड लावून बंद. त्याच्या पुढचाही बंद. अशी दोन मिनिटांची चाचणी कल्याणच्या दिशेने चालली. सावंतसाहेबांनी पॅड मांडीवर घेतलं आणि काहीतरी लिहायला गुडघा उचलला. ड्रॉवर धाडकन उघडला. हॉर्न जो सुरू झाला तो सिग्नलवरच्या हवालदाराच्या अगदी कानाशी.

“मी काही केलं नाही!” सावंतसाहेब ओरडले.

“गुडघा, भाऊ, गुडघा!”

त्यांनी दोन्ही गुडघे लावले. हवालदार बघतच राहिला. त्यानंतर सावंतसाहेबांनी लिहिणं सोडून दिलं. पुढे देवेश नाडीवरचा हात बदलायला लागला, तेव्हा “आधी दार धर रे, वळण येतंय!” असं तेच म्हणाले.

पत्रीपुलाचा चढ जवळजवळ संपला होता, दहा पावलं उरली होती, आणि तिथेच बाईसाहेब बंद पडल्या. मागे टेम्पो, टँकर, रिक्षा, सगळ्यांचे हॉर्न एकदम सुरू झाले. मोरया दोनदा झाला, काही फरक नाही. देवेश उतरून ढकलायला लागला, पण गाडी इंचभर हलेना.

“अरे, खांदा लाव, खांदा! हाताने काय ढकलतोस?” म्हणत सावंतसाहेब खाली उतरले आणि त्यांनी डिकीला खांदा लावला. एक, दोन, तीन! गाडी पुलाच्या माथ्यावर गेली आणि उताराला लागून धडधडत चालू झाली. सावंतसाहेब धावत येऊन बसले. पांढऱ्या पँटवर काळा पट्टा उमटला होता, आणि चेहरा लहान मुलासारखा फुलला होता.

“निघाली की नाही? अहो, खांद्यात जोर लागतो!”

सोसायटीत परत येईपर्यंत तो जोर ओसरला. गाडी आपल्या जागेत सरळ शिरली. सावंतसाहेबांनी पॅड काढलं आणि पेन एका रकान्यावर थांबलं. ‘बाहेरील मदत घेतली काय?’ सहदेवरावांना रडू यायचंच बाकी होतं.

“लिहा साहेब, जे झालं ते लिहा,” ते म्हणाले. “तुम्हाला खोटं लिहायला कसं सांगू?”

सावंतसाहेबांनी पँटवरच्या काळ्या पट्ट्याकडे पाहिलं.

“बाहेरचा कोण होता रे तिथे?” हौसाबाईंनी विचारलं. “मी तर कोणाला बघितलं नाही.”

सावंतसाहेबांनी घसा खाकरला आणि लिहिलं, ‘धक्का घरच्यांनीच दिला.’ खाली सही, तेवढीच ऐसपैस. सहदेवरावांनी स्टीअरिंगवरून हात फिरवला. देवेशने मात्र यादीत डोकावून पाहिलं.

“काका, पुढची गाडी तुमचीच आहे.”

“हो ना. पण मीच माझी तपासणी कशी करणार? परब, तुम्ही बसा. दोन मिनिटांचं काम आहे, नवीकोरी गाडी!”

त्यांनी आपल्या गाडीवरचं कव्हर काढलं. आठ महिन्यांची पांढरी गाडी, सीटवर अजून प्लास्टिक. रोज पुसायचे, पण ओरखडा येईल म्हणून बाहेर काढायचे नाहीत. त्यांनी बटण दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. साधा दिवासुद्धा लागला नाही. बॅटरी पडून पडून पार बसली होती.

सावंतसाहेबांचा चेहरा उतरला. नियम त्यांचाच होता आणि सहीही त्यांचीच.

सहदेवराव आपल्या गाडीकडे गेले. डिकीतून जाड लाल-काळ्या वायरी आणल्या आणि दोन्ही बॅटऱ्या जोडल्या. सावंतसाहेब बटणावर बोट ठेवून बाहेर उभ्या हौसाबाईंकडे वळले.

“आजी,” ते हळूच म्हणाले, “म्हणा ना.”

“गणपती बाप्पा...”

“मोरया!” सगळ्यांत मोठा आवाज सावंतसाहेबांचा होता. नवी गाडी चालू झाली.

सहदेवरावांनी पॅड घेतलं. ‘बाहेरील मदत घेतली काय?’ सावंतसाहेब श्वास रोखून बघत होते. सहदेवरावांनी शांतपणे लिहिलं, ‘वायर घरचीच होती.’