उपासाला चालतं

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीकडे धरला आणि जयवंत सावंतच्या हाडांतलं कॅल्शियम गेल्याचं जाहीर केलं. सूर असा, की जयवंतनेच ते कुठेतरी विसरून ठेवलं असावं. गेल्या श्रावणात बायको, नलिनी गेली, तेव्हाही एका डॉक्टरने असंच बाहेर येऊन सांगितलं होतं. त्या मानाने हे नुकसान किरकोळ होतं.

घडलं होतं एवढंच, की चहाचा डबा शोधायला तो स्टुलावर चढला. डबा खालच्याच फळीवर आहे, हे त्याला पडल्यावर दिसलं. उजवं मनगट मोडलं.

"दूध प्या, भरपूर," डॉक्टर म्हणाले.

"मला दूध सोसत नाही. पोट बिघडतं."

"सवय करा," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

जयवंतला घाई होती ती वेगळ्याच कारणाने. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे नलिनीचं वर्षश्राद्ध त्यालाच करायचं होतं. पितरांचं पाणी उजव्या हाताच्या अंगठ्याकडून सोडतात. प्लास्टरमधून ते सुटत नाही आणि डावा हात चालत नाही, असं भटजींनी सांगितलं होतं. वाकोल्याहून आलेल्या प्रेमाताईने, त्याच्या थोरल्या बहिणीने, लगेच आपल्या नवऱ्याचं नाव पुढे केलं.

"मधुकर बसतील. एवढं काय त्यात?"

"ताई, तिला पाणी मीच देणार," जयवंत म्हणाला. तो इतकं ठाम कधी बोलला नव्हता, म्हणून कोणी फारसं मनावर घेतलं नाही.

दिंडोशीच्या त्यांच्या बैठ्या चाळीत बातमी पसरली. जयवंतला कॅल्शियम हवं आणि दूध सोसत नाही, या दोन्ही गोष्टी नीट लक्षात ठेवून शेजारच्या सुंदराबाई खरवस घेऊन आल्या.

"सुंदराबाई, मला दूध चालत नाही हो."

"दूध कुठंय? खरवस आहे."

समोरच्या रत्नप्रभाने श्रीखंड दिलं आणि ते विरजण्याआधी दूध होतं, आता नाही, असं समजावलं. प्रेमाताईने कढी केली. दुखवट्याच्या घरी कोणी मायेने आणलेलं परत पाठवायचं नसतं. जयवंत चव घेई आणि चाळीच्या टोकाच्या संडासाच्या रांगेत जाऊन उभा राही. रांगेतले लोक दयाळू होते. एकाने दूध गरम प्यायला सांगितलं, दुसऱ्याने गार. पुढे जायला मात्र कोणी दिलं नाही.

शेवटी मदत केली ती गोराईच्या फिलिपने. दोघे एकाच कारखान्याच्या स्टोअरमध्ये कामाला होते.

"यार, त्या दुधाच्या नादाला लागू नको. हाडाला हाड घाल," फिलिप म्हणाला आणि बायकोने, आयडाने तळून दिलेली मांदेली डब्यातून आणू लागला. ही मासळी छोटी, काट्यासकट चावून खायची. पोट गप्प बसलं. तेव्हा जयवंतच्या लक्षात आलं, की आपण इतकी वर्षं हेच खात होतो. मांदेली, नाचणीची भाकरी, तिळाची चटणी. नलिनीने कॅल्शियम हा शब्द कधी उच्चारला नव्हता. ती फक्त म्हणायची, "काटा टाकायचा नाही, चावा."

श्रावण लागला आणि मासळी बंद झाली. फिलिपने वाद घातला नाही, ईस्टरच्या आधी तोही मटण सोडत असे. जयवंत नाचणीवर आला. भाकरीने पोट फुगलं, पाण्यात शिजवलेली पातळ आंबील मात्र मानवली. वर तीळ होतेच. श्राद्धाच्या आदल्या आठवड्यात प्लास्टर निघालं. हाड उत्तम जुळलं होतं.

"बघा, दुधाचा गुण," डॉक्टर म्हणाले.

"घेतलंच नाही मी."

"मग आता सुरू करा."

श्राद्धाच्या सकाळी जयवंत आंघोळ करून पाटावर बसला. श्राद्ध होईपर्यंत उपाशी राहायचं होतं. भटजींना उशीर झाला होता आणि त्याचा चेहरा उतरला होता. प्रेमाताईला धास्ती बसली, की हा चक्कर येऊन पडणार आणि तेच मनगट पुन्हा मोडून घेणार. तिने थोडी आंबील करून दिली असती, पण धान्य उपासाला चालत नाही.

"हे घे," तिने पेला पुढे केला. "वेलची घातलीय."

"ताई, दूध आहे हे."

"अरे, उपासाला चालतं."

तेवढ्यात भटजी आले आणि त्यांनीही चालतं म्हणून सांगितलं. शास्त्राला चालत होतं, बहिणीला चालत होतं, जमलेल्या सगळ्यांना चालत होतं. हात सांभाळायचा म्हणून जयवंत प्यायला.

संकल्प झाला, पिंड वळून झाले. आता पाणी सोडायचं, एवढ्यात जयवंत उठला आणि चाळीच्या टोकाकडे निघाला. परत आल्यावर पुन्हा आंघोळ हवी होती आणि नळ गेला होता. रत्नप्रभाने बादलीभर पाणी दिलं. तो न्हाला, ओल्या पंच्यानेच दारापर्यंत आला आणि मागे वळला. भटजींना मुलुंडला दुसरं श्राद्ध होतं. त्यांनी घड्याळ पाहिलं. प्रेमाताई संडासाच्या दाराशी गेली.

"जयवंता, भटजी निघालेत. मधुकरना बसवू का?"

"नको," आतून आवाज आला.

भटजी गेले. पानं वाढली होती, लोक जेवले. खीर चांगली झाली होती, असं सगळे म्हणाले.

जयवंतचा हात आता पूर्ण बरा आहे. नलिनीला पाणी द्यायचं राहिलं आहे.