गफूरभाईंचं रान मी साफ केलं

गफूरभाई नवं रोप लावलं की त्याची आजूबाजूच्यांशी ओळख करून देतात. थट्टा नाही. तलवाड्याच्या शिवारात त्यांचा एकर माझ्या बांधाला लागून आहे, मी माझ्या कानांनी ऐकलंय. "ही तूर, तुजी मोठी बहीण. दुपारचं ऊन ही अंगावर घेती. हा झेंडू, मुळाची कीड हा बघतो. खाली चवळी हाय, ती जमीन तापू देत न्हाई. आता रडायचं न्हाई, बेटा." बेटा म्हणजे वीतभर पेरू.

आयुष्यभर माजलगावात गाड्यावर फळं विकली आणि सत्तरीला फळझाडं लावायला बसले. आंबा, पेरू, सीताफळ, सगळं एकात एक, आणि मधी पाय ठेवायला जागा नाही. मी म्हणायचो, "भाई, जरा खुरपून घ्या की."

"जंगल कोण खुरपतं बे?" हे त्यांचं ठरलेलं.

मी चौथी शिकलेला माणूस, पण माझ्या रानात गवताची काडी दाखवा. मला ते बघवत नव्हतं.

दसरा झाला आणि गफूरभाई डोळ्याच्या ऑपरेशनला परळीला लेकीकडे गेले. जाताना म्हणाले, "नामदेव, रानावर नजर ठेव." मी नजर ठेवली, आणि मला राहवेना. खुरपं घेतलं, चार दिवसांत रान आरशासारखं केलं. रोपांच्या उरावर बसून खत खाणारी तूर कापली, चवळी ओढून काढली, झेंडू उपटून फुलांचं तोरण दाराला लावलं. एकेक रोप लांबून दिसायला लागलं. म्हटलं, गफूरभाई आता नव्या डोळ्यानं बघतील, खूश होतील.

दोन दिवसांत रोपांनी माना टाकल्या. ऊन मरणाचं, जमीन तव्यासारखी.

घरी सांगितलं तर आमची मंडळी म्हणाली, "लोकाच्या घरात शिरून चूल मोडून आलाव व्हय? आता त्यास्नी काय तोंड दाखवताव?"

चुकलं असं मी तिलाही म्हटलं नाही. पण तिची जुनी लुगडी मागून घेतली. काठ्या रोवून एकेका रोपावर लुगड्याची सावली केली. कापलेली तूर परत आणून बुडाशी अंथरली. सकाळ-संध्याकाळ विहिरीवरून घागरी वाहिल्या. जाणारे-येणारे विचारायचे, "बाबा, झाडाचं लगीन हाय का काय?" मी पुढची घागर ओतायचो.

तरी दोन पेरू गेले. बाकीचे जगतात का जातात, काही कळेना, आणि गफूरभाईंचा यायचा दिवस उजाडला. चाळीस वर्षांची ओळख. ती आज तुटणार असं धरूनच मी बांधावर जाऊन उभा राहिलो.

ते काळा चष्मा लावून आले. मी आधीच बोलून टाकलं, "भाई, मी साफ केलं. मला वाटलं घाण हाय. दोन पेरू मेले."

ते रोपांकडं वळले. डॉक्टरनं वाकू नको म्हणून सांगितलेलं असताना वाकले, एकेका लुगड्याखाली हात घालून पानं चाचपत गेले. आंब्यापाशी थांबले. शेंड्याला बोटाच्या पेराएवढी तांबडी पालवी फुटली होती. मलाही ती तेव्हाच दिसली.

"जगतेत," ते म्हणाले. "बेअक्कल हायस, पण जगतेत."

मग तिथंच मातीत बसले. लुगड्याचा काठ बोटात धरला.

"आमची घरवाली जाऊन सा वर्सं झाली," म्हणाले. "तवापासून या रानात माज्याबिगर कुणाच्या हातचं पाणी पडलं न्हवतं."

 मी हातातलं खुरपं पाठीमागं धरलं.

"चवळीचं बी हाय घरी," ते उठत म्हणाले. "उद्या किती वाजता येतूस?"

"सहाला येतो."

"पाचला ये. चा मी आणतो."