वाळलेल्या द्राक्षांची चोरी

गुणाबाईच्या पुनमचं लगन झालं, त्या सालची ही गोष्ट. लगनात मांडवाचा एक खांब वाकला होता आणि नवरदेवाचा मामा रुसून बांधावर जाऊन बसला होता, त्यामुळे ते साल गावात कोणाला वेगळं सांगावं लागत नाही. लगन झालं आणि तिसऱ्या दिवशी दुपारी चोरी झाली. चोरीच्या पाठोपाठ शालिकराम आला.

स्वतःची ओळख तो स्वतःच करून देत असे. दुसरं कोणी ती पुरेशी मोठी करून देत नसे.

"मी शालिकराम. बत्तीस वर्षं माजरीकडं कोळशाच्या खाणीवर पहारा केला. काळ्या कोळशात काळा माणूस ओळखणारा वैनगंगेच्या दोन्ही काठांवर मी एकटाच. इकडं सावली गाव, तिकडं सिरोंचा, जिथी गुन्हा तिथी मी. आणि गावच्या दारूमुक्ती समितीचा अध्यक्ष. आयुष्यात दारूच्या एका थेंबाले शिवलो नाई."

मुखरूला हे पाठ होतं. मुखरू तलावात मासे धरणारा साधा माणूस. तपासाशी त्याचा संबंध एवढाच, की सायकल त्याची होती. शालिकराम मागं कॅरियरवर बसून विचार करी आणि मुखरू पायडल मारी. बत्तीस वर्षांत शालिकरामनं तीन चोर पकडले, हेही मुखरूला ठाऊक होतं. त्यातले दोन त्याचेच साहेब निघाले आणि तिसरी शेळी.

चोरी अशी झाली होती. गुणाबाईचा प्रफुल इटलीत हॉटेलात स्वयंपाकी आहे. बहिणीच्या लगनाला येताना त्यानं आजोबांसाठी, म्हणजे इसरूबाबासाठी, एक बाटली आणली. तिकडची लाल वाइन. तिचं नाव अमारोने. द्राक्षं तोडून बांबूच्या ताट्यांवर तीन-चार महिने वाळवतात, पार मनुके होईस्तोवर, आणि मग ती पिळतात. हे फोनवर ऐकल्यापासून इसरूबाबानं ध्यास घेतला होता. त्याचा सारा जन्म मोहफुलं वेचण्यात आणि वाळवण्यात गेला होता. फूल वाळल्याशिवाय काही खरं नाही, हे तिकडच्या लोकांनाही कळतं, याचं त्याला मोठं नवल वाटे.

आता बाटली ओसरीत उभी होती. बूच बाजूला आणि आत एक थेंब नाही.

"भाऊ, पोरगा आज संध्याकाळच्या गाडीनं जाते," गुणाबाई पदर डोळ्याला लावून म्हणाली. मग तिनं आवाज खाली घेतला. "दोन वर्षं पुन्हा येत नाई. आणि डॉक्टर म्हणे, बाबाले जे खावंसं वाटते ते देऊन टाका. बाबानं एवढं एकच मांगितलं होतं."

इसरूबाबा तिथंच खाटेवर डोळे मिटून पडला होता.

"बाबाले इचारायचं काय?" मुखरू म्हणाला.

"म्हाताऱ्या माणसाची साक्ष चालत नाई," शालिकराम म्हणाला. "झोपलेल्याची त मुळीच नाई. प्रफुल कुठी आहे?"

"सावलीले गेला, सकाळीच. तिकीट काढाले."

"फोन लाव."

गुणाबाईनं फोन लावला. तो भिंतीतल्या देवळीतच वाजला. प्रफुल चार्जिंगला लावून गेला होता.

"पाह्य मुखरू! आरोपी फोन घरी ठेवून फरार. आंतरराष्ट्रीय टोळी!" शालिकरामनं घाम पुसला. मिरगाच्या तोंडावरची दुपार होती, कौलं तापली होती. "गुणाबाई, गळा सुकला."

"मी जांभळाचं सरबत केलं आहे, भाऊ. तिथी कोपऱ्यात, बरणीत. घे हातानं. साखरेच्या बिमारीले बरं राह्यते." आणि ती चुलीकडं गेली.

शालिकरामला साखरेची बिमारी होतीच. कोपऱ्यात लोणच्याच्या दोन चिनी बरण्या होत्या, दोन्हींच्या तोंडाला फडकं. त्यानं जवळच्या बरणीत गिलास बुडवला. रंग गडद जांभळा. एका दमात प्याला, डोळे मिटले.

"जांभूळ पक्कं आहे," तो म्हणाला. "डोकं चालाले लागलं. टोळी नाई. हा गावचा भुरटा चोर, लटारू!"

"लटारू आठ दिवसांपासून सासुरवाडीले आहे, कोरपन्याले," मुखरू म्हणाला.

"अगदी बरोबर! गुन्ह्याच्या वेळी नेमका कोरपन्याले. एवढा पक्का पुरावा आधीच करून ठेवते तो कोण? गुन्हेगार! चाळीस कोस लांबून!" त्यानं दुसरा गिलास भरला. हा सावकाश, चवीनं घेतला. "गुणाबाईच्या हाताले गुण आहे. मनुके टाकले वाटते."

मुखरूनं मान वळवून दुसऱ्या बरणीचं फडकं उचललं. ती काठोकाठ भरलेली होती आणि वर जांभळाची सालं तरंगत होती.

"शालिकभाऊ, मी काय म्हणतो..."

"बोलू नको. धागा तुटते." तिसरा गिलास. शालिकरामचे कान आता लाल झाले होते आणि आवाज भाषणाचा. "मुखरू, मले सांग, ही वाइन कशाची? वाळलेल्या द्राक्षांची. वाळणं हा तिचा सोभाव! आज ऊन किती? सेहेचाळीस! बूच काढलं आणि वाळून गेली! चोर सूर्य आहे, मुखरू. पण त्याले पकडाचं कसं?"

"शालिकभाऊ, त्या बरणीत..."

"रडू येऊन राह्यलं मले," शालिकराम म्हणाला आणि खरंच रडू लागला. "बत्तीस वर्षांत मले कोणी एवढं चांगलं सरबत पाजलं नाई रे." चौथा गिलास त्यानं रडत रडत संपवला. मग पाचव्यासाठी बरणी तिरपी केली.

"शालिक," खाटेवरून आवाज आला. "हा नको घेऊ. हा माहा आहे."

इसरूबाबाचे डोळे टक्क उघडे होते.

"पोरानं सकाळीच बाटलीतून बरणीत ओतलं. म्हणे, आजोबा, हिले चार घंटे हवा खाऊ द्या, मंग चव खुलते. तिकडं काचेचं मोठं भांडं राह्यते, आपल्याकडं लोणच्याची बरणी."

शालिकरामनं गिलासाकडं पाहिलं, बरणीकडं पाहिलं, मग स्वतःच्या पोटाकडं.

"बाबा!" गुणाबाई चुलीकडून धावत आली. "तुमी जागे होते, मंग पह्यल्या गिलासालेच काऊन नाई सांगितलं?"

"कोणी इचारलं? माही साक्ष चालत नाई म्हणे." म्हातारा उठून बसला. त्याला मोठा हुरूप आला होता. "आणि घरी आलेला माणूस पिऊन राह्यला त त्याचा हात धराचा काय? आपल्या घरी तसं नाई. अन् खरं सांगू काय गुणा? ह्या शालिकनं वीस वर्षं माही मोहाच्या दारूची मडकी फोडली. शिट्टी वाजवून, गाव गोळा करून. त्याले चवीनं पिताना पाहाचं माह्या नशिबी होतं. चार गिलासांत स्वस्त पडलं."

तेवढ्यात प्रफुल तिकीट घेऊन आला. त्याला सगळं सांगायला पाच मिनिटं लागली आणि त्याचं हसू थांबायला दहा. मग त्यानं बरणी उलटी धरून शेवटचा अर्धा गिलास काढला.

इसरूबाबानं आधी बोट बुडवून दोन थेंब जमिनीवर सांडले, मेलेल्या वडीलधाऱ्यांच्या नावानं. मग घोट घेतला. बराच वेळ तोंडातच ठेवला.

"कसं आहे, आजोबा?"

"थांब. ते बोलून राह्यलं." त्यानं गिळलं. "आधी मनुका. मंग कच्च्या टेंभराच्या फळासारखं जीभ आवळते. मंग घशात गोडंबीसारखं ऊन उतरते. आणि मागून जळल्या गुळाचा वास." त्यानं गिलास उजेडात धरला. "फूल झाडावरून पडते तवा नुसतं पाणी राह्यते. वाळलं, सुरकुतलं, का गोडी आतमधी जाऊन बसते. हे मोहाचं सोयरं आहे रे, प्रफुल. दूरचं, पण सोयरं."

उरलेला घोट त्यानं नातवाला दिला. प्रफुलनं गिलास रिकामा केला आणि आजोबाचे पाय धरले.

शालिकराम भिंतीला टेकून बसला होता. "मुखरू," तो हळूच म्हणाला, "यानं साखर उतरते ना?"

"उतरते, शालिकभाऊ," मुखरू म्हणाला आणि त्यानं शालिकरामला कॅरियरवर बसवून दुपट्ट्यानं स्वतःच्या कमरेला बांधून घरी नेलं. वाटेत शालिकरामनं जाहीर केलं, की चोर सापडला आहे, पण समितीच्या हितासाठी त्याचं नाव गुप्त ठेवावं लागेल.

प्रफुल संध्याकाळच्या गाडीनं गेला. शालिकराम अजून समितीच्या बैठकीत मोहाविरुद्ध बोलतो, पण द्राक्षाचा विषय निघाला की त्याला खोकला येतो. इसरूबाबाच्या घरापुढं मात्र त्यानं पुन्हा शिट्टी वाजवली नाही. पुढं त्याचं कामही पडलं नाही. इसरूबाबा त्याच साली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वारला.