दवंडीवाल्याचा लाल कोट

शनिवारी सकाळी नऊ वाजता ऑड्री टॉमलिनने शिवणाच्या खोलीचं दार उघडलं. खुंटीला नुसता हँगर लोंबत होता. त्यावरचा दवंडीवाल्याचा लाल कोट गायब!

हा कोट म्हणजे हेदरबी गावाचा जीव की प्राण. सोनेरी गोट, पितळी बटणं आणि वय एकशे तीस वर्षं. एरवी तो टाउन हॉलमध्ये काचेच्या कपाटात असे. वर्षातून एकदा, बुजगावण्यांच्या जत्रेला, दवंडीवाला तो अंगात चढवून चौकात घंटा वाजवी आणि मग जत्रा सुरू होई. यंदा अस्तर उसवलं म्हणून वारसा समितीच्या अध्यक्षा हॉल्सवर्थबाईंनी तो ऑड्रीकडे दिला होता. एखादं तान्हं बाळ द्यावं तसा, दोन्ही हातांनी.

"क्लाइव्ह! इथला कोट कुठंय?"

क्लाइव्ह स्वयंपाकघरात टोस्टला मुरंबा लावत होता. आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेला हा गृहस्थ यंदा प्रथमच जत्रेतल्या बुजगावण्यांच्या स्पर्धेत उतरला होता, आणि गेले आठ दिवस त्याचे पाय जमिनीला लागत नव्हते.

"ते लाल जुनेर? घातलं की माझ्या बुजगावण्याला! काल दुपारीच चौकात उभं करून आलो. काय रुबाब दिसतोय माहितेय!"

"जुनेर? अरे, दवंडीवाल्याचा कोट आहे तो!"

सुरी हवेतच थांबली. "पण त्याला भोकं होती गं."

"वारसा आहे तो! वारशाला भोकं असतातच!"

दवंडीवाले पिम, म्हणजे एरवी गावातले नळ दुरुस्त करणारे पिम, साडेदहाला कोट न्यायला घरी येणार होते. ऑड्रीने दारावर चिठ्ठी खोचली, "कोट घेऊन आम्हीच चौकात येतो," कात्री उचलली आणि नवऱ्याला जवळजवळ ओढतच बाहेर काढलं.

चौकात पताका लागल्या होत्या, बँडवाले भोंगे पुसत होते, चीजचे आणि पायचे ठेले मांडले जात होते. जुन्या लोणीबाजाराच्या दगडी मंडपाला टेकून क्लाइव्हचं बुजगावणं लाल कोटात ऐटीत उभं होतं. ऑड्रीने कोट ओढला. हलेना.

"मासे धरायच्या दोऱ्याने शिवलाय," क्लाइव्ह म्हणाला. "वादळ आलं तरी निघायचा नाही."

आवाजातला अभिमान त्याला लपवता आला नाही. ऑड्रीने त्याच्याकडे असं पाहिलं की तो आपणहून गुडघ्यांवर बसून दोरे कापू लागला.

एकेक टाका तोडता तोडता साडेदहा झाले. शेवटचा टाका तुटला, कोट सुटला आणि त्याबरोबर बुजगावणंही सुटलं. काठ्या एकीकडे, गवत दुसरीकडे, पोत्याचं डोकं घरंगळत पायरीखाली. नेमकं त्याच क्षणी मंडपाच्या पलीकडून हॉल्सवर्थबाईंचा आवाज आला, "या, या! टॉमलिन मंडळींचं बुजगावणं इकडेच आहे." सोबत परीक्षक होते, बाहेरगावचे कोणी शिल्पकार.

"उभा राहा!" ऑड्री कुजबुजली.

"कोण, मी?"

"नाही, चर्चचा मनोरा! उभा राहा म्हणते ना!"

तिने पोतं त्याच्या डोक्यात घातलं, बाह्यांत मूठभर गवत कोंबलं, उरलेलं पायाने मंडपामागे ढकललं आणि कोट पाठीमागे धरून ती हसतमुख उभी राहिली.

परीक्षकांनी क्लाइव्हभोवती दोन फेऱ्या मारल्या. पेन्सिलीने पोटाला टोचलं. तेवढ्यात कोणाचा तरी कुत्रा आला, त्याने क्लाइव्हची पँट हुंगली आणि खांब समजून पाय वर केला. क्लाइव्ह जागचा हलला नाही. पोत्याच्या आतून फक्त एक खोल सुस्कारा ऐकू आला.

"कपडे बरे आहेत," परीक्षक वहीत लिहीत म्हणाले, "पण उभं राहण्यात जिवंतपणा नाही. आणि पोट तर अगदीच खोटं वाटतं."

ते पुढे सरकतात न सरकतात तोच पिम धापा टाकत आले. ऑड्रीने कोट झटकला न झटकला तोच त्यांनी तो चढवलाही.

"टोचतंय गं काहीतरी."

"नवं अस्तर आहे, पिम. अंगात बसलं की होईल ठीक."

अकराच्या ठोक्याला पिम पायरीवर चढले, घंटा घणघणली, चौक शांत झाला.

"ऐका हो, ऐका! हेदरबीच्या सज्जन..." इथे पिमचा डावा खांदा एकाएकी कानाला भिडला. "...सज्जन स्त्री-पुरुषहो, हो, होऽ हो!"

मग त्यांनी उजवा पाय उचलला, डावा उचलला, गर्रकन गिरकी घेतली. एका हातात घंटा घणघणत होती आणि दुसरा हात पाठीवर काहीतरी शोधत होता. लोकांना वाटलं, यंदा काहीतरी खास बसवलंय. त्यांनी टाळ्यांचा ठेका धरला. बँडच्या ढोलवाल्याने तो उचलला. पिमची चौथी गिरकी पुरी झाली तेव्हा बाहीतून एक शेतातला उंदीर टुणकन उतरला आणि सरळ चीजच्या ठेल्याखाली शिरला. तो ऑड्रीखेरीज कोणालाच दिसला नाही. टाळ्यांनी चौक दणाणून गेला.

क्लाइव्हला अर्थातच बक्षीस मिळालं नाही. "खोटं पोट म्हणे!" असं तो पुढे महिनाभर, जेवताना विशेषकरून, म्हणत राहिला.

ऑड्रीला मात्र वर्षभर चैन पडली नाही. तीस वर्षांपूर्वी ती लग्न होऊन या गावात आली, तेव्हापासून गावाने विश्वासाने तिच्या हाती सुई दिली होती. पुढच्या वसंतात जत्रा जवळ आली तशी ती मनाचा हिय्या करून टाउन हॉलमध्ये हॉल्सवर्थबाईंकडे गेली. बाईंच्या टेबलावर छापील कार्यक्रमपत्रिका होत्या. वरची ओळ होती: 'सकाळी अकरा: दवंडीवाल्याचा पारंपरिक नाच.'

"बाई," ऑड्रीने घसा साफ केला, "त्या नाचाबद्दलच सांगायचंय. ती परंपरा वगैरे काही नाही हो. गेल्या वर्षी कोटात..."

"ऑड्री." बाईंनी चष्मा काढला. आवाज मायेचा होता. "तू बाहेरून आलेली, तुला कसं ठाऊक असणार? अगं, माझ्या आजीने लहानपणी पाहिलेला नाच आहे तो. मधे बंद पडला होता, पिमने पुन्हा सुरू केला. चौकात पितळी पाटी लावतोय आम्ही."

बाईंनी काचेच्या कपाटातून कोट काढून दोन्ही हातांनी तिच्या मांडीवर ठेवला.

"पिम म्हणतात, नुसतं नाचणं जमत नाही, अंगात काहीतरी टोचायला हवं. तेव्हा आतून गवतासाठी एक खिसा शिवून दे. आणि हे बघ, जुन्या पद्धतीनेच शिव हं. वारसा आहे तो!"

ऑड्रीने पर्समधून टेप काढली आणि डाव्या बाहीचं माप घेतलं.