बाबांचं नारिंगी ब्लँकेट

ग्रीनली कॉलेजबद्दल आपल्याला विचारायचं, वेबसाइटला नाही, असं वर्गशिक्षिका ओडेसा टिब्स यांनी आठवीच्या वर्गाला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. त्यांचे वडील ओथा टिब्स त्या कॉलेजच्या बँडमध्ये चार वर्षं सुझाफोन वाजवत. अजगर अंगाला गुंडाळून घ्यावा तसा तो कर्णा. पुढे पन्नास वर्षं जुन्या विद्यार्थ्यांच्या मेळ्याचा आणि त्यातल्या फुटबॉल सामन्याचा एकही शनिवार त्यांनी चुकवला नाही. टिब्सबाई मात्र एकदाही गेल्या नव्हत्या. दर वर्षी बाबा विचारत, दर वर्षी बाई म्हणत, पुढच्या वर्षी नक्की. यंदाच्या मार्चमध्ये बाबा गेले.

म्हणून यंदा त्या एकट्या नाही, सव्वीस मुलं घेऊन निघाल्या होत्या.

तीन आठवडे त्यांनी तयारी करून घेतली. अमेरिकेत गुलामाला अक्षर शिकवणं जिथे गुन्हा होता, तिथे गुलामी संपल्यावर काळ्या लोकांनी आधी काय केलं? शाळा काढल्या. गोऱ्यांच्या कॉलेजांची दारं बंद, म्हणून स्वतःची कॉलेजं काढली. ग्रीनली सुरू झालं ते चर्चच्या तळघरात, नऊ विद्यार्थ्यांवर. त्यातली एक आजी होती आणि तिचा नातू तिच्याच बाकावर बसायचा. सगळा वर्ग मान डोलवत होता. फक्त झनाया शांतपणे म्हणाली, "पण टिब्सबाई, आता आपल्याला कुठेही जाता येतं. मग तिथेच कशाला जायचं?"

बाईंनी दिलेलं उत्तर लांबलचक होतं आणि ते झनायाला पटलं नाही, हे दोघींनाही कळलं. तेव्हा बाईंनी ठरवलं की तिला ते डोळ्यांनीच दाखवायचं.

टी-शर्ट छापायचे होते. कॉलेजचा रंग कोणता हे शोधायची गरजच नव्हती. बाबांचं कॉलेजचं ब्लँकेट घरात होतं. ते घेऊनच बाबा सामन्याला जात आणि एरवी ते गाडीच्या मागच्या काचेत घडी करून ठेवलेलं असे. बाईंनी ते छापखान्यात नेलं, रंगाशी रंग जुळवून घेतला आणि सव्वीस नारिंगी टी-शर्टांवर ठसठशीत अक्षरांत 'ग्रीनली' छापून घेतलं.

बस मैदानाबाहेर थांबली तेव्हा गर्दी दोन रंगांत वाहत होती, एक डाळिंबी आणि एक नारिंगी. बाईंनी ब्लँकेट खांद्यावर टाकलं आणि सांगितलं की नारिंगी लोकांच्या मागे चला, ती आपली माणसं.

त्या माणसांनी खरोखर आपलेपणानं वागवलं. अंगठ्याएवढ्या जाड तळलेल्या माशांचे तुकडे मुलांच्या हातात दिले, वर गोड चहा. टी-शर्टवरची अक्षरं वाचून जो तो पोट धरून हसत होता. बाईंना वाटलं, आनंदी लोक आहेत. मुलं रांगेत बसली, आणि मग शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी चष्मा पुसून टिब्सबाईंना विचारलं, "बाळा, हे काय, पैज हरलीस का तू?"

त्या अर्नेस्टीन मॅब्री. हार्डविक स्टेटच्या जुन्या विद्यार्थिनी. आणि नारिंगी रंग हार्डविकचा होता. ग्रीनलीचा सात पिढ्यांचा वैरी.

टिब्सबाई पुरावा म्हणून ब्लँकेट पुढे करत होत्या. मॅब्रीबाईंनी ते मांडीवर घेतलं, कडेची दुमड शोधली आणि नखानं शिवण जराशी उसवली. आत ग्रीनलीचा डाळिंबी रंग होता, कालच रंगवल्यासारखा.

"उन्हानं विटलंय," त्या म्हणाल्या. "माझ्याही घरी अस्संच आहे. नवरा ग्रीनलीचा. बेचाळीस वर्षं एका छताखाली शत्रू पाळला मी."

टिब्सबाई त्या बोटभर डाळिंबी पट्टीकडे बघत राहिल्या. बाबांच्या डोळ्यांना हे ब्लँकेट कधी विटलेलं दिसलंच नसावं.

जागा बदलायला उशीर झाला होता. पलीकडचा स्टँड ओसंडून वाहत होता, आणि सव्वीस नारिंगी 'ग्रीनली' तिथे नेणं म्हणजे मॅब्रीबाईंच्या मते पोलिसांना बोलावण्याचं काम होतं. सामना ग्रीनली हरलं. टिब्सबाईंनी मुलांना उठवलं, तर मॅब्रीबाईंनी त्यांना हाताला धरून खाली बसवलं. सामना तर संपला, पण अजून दोन्ही कॉलेजांचे बँड आपापल्या वाद्यांनी भांडायचे होते.

मैदान रिकामं झालं, पण स्टँडमधून कुणी हललं नाही. आधी हार्डविकचा बँड वाजला. मग समोर दीडशे डाळिंबी मुलं-मुली एका दमात उभी राहिली. सुझाफोनची रांग वर झाली, तोंडं थेट इकडे वळली. पहिला सूर कानांना नाही, बरगड्यांना लागला. मॅब्रीबाईंच्या चहात वर्तुळं उठली.

बाबा दर वर्षी सांगत की ग्रीनलीचा बँड ऐकावा तर वैऱ्याच्या बाजूला बसून. बाई ते थट्टा समजत आल्या होत्या.

झनायाच्या हातातला मासा तसाच राहिला होता. "ही सगळी तिथली मुलं?" तिनं विचारलं.

"सगळी."

"आणि सुरुवातीला नऊच होती?"

"नऊ."

टिब्सबाईंनी ब्लँकेट दोघींच्या गुडघ्यांवर पसरलं.

परतताना बसमध्ये त्यांनी मोठ्या विश्वासानं एक कागद फिरवला. कुठल्या कॉलेजात जायला आवडेल ते प्रत्येकानं लिहायचं होतं. कागद परत आला. हार्डविक, सव्वीस. बहुतेकांनी कंसात कारणही दिलं होतं: मासे.

शेवटचं नाव झनायाचं होतं. तिनं लिहिलं होतं, 'हार्डविक. ग्रीनलीचा बँड तिथूनच समोर दिसतो.'

टिब्सबाईंनी कागदाची घडी करून ब्लँकेटच्या उसवलेल्या दुमडीत सरकवली. बाबांना सांगायला तर हवं होतं. पण माशांचं सोडून.