चौगुले अण्णांचं तिसरं ‘नको’

चौगुले अण्णा जेवायला बाहेर पडताना कोटाच्या आतल्या खिशात दोन चिमटे ठेवत. चिमटे स्टीलचे, कोल्हापूरहून आणलेले, धुतलेल्या रुमालात नीट गुंडाळलेले. एक स्वतःच्या टेबलासाठी आणि एक दुसऱ्यांच्या. दुसऱ्यांच्या टेबलाशी अण्णांचा काय संबंध, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. लंडनजवळच्या आमच्या हाउन्सलोमध्ये तो बऱ्याच लोकांना पडायचा.

आमच्या घरापासून सात मिनिटांवर, पूर्वी जिथे कार्पेटचं दुकान होतं तिथे, मोरीसान नावाच्या गृहस्थांनी जपानी बार्बेक्यूचं रेस्टॉरंट काढलं होतं. दोन हजार पाच-सहाची गोष्ट. टेबलं आठ. प्रत्येक टेबलाच्या मधोमध खड्डा, खड्ड्यात निखारे, वर जाळी. मांसाचे पातळ कच्चे काप बशीत मांडून समोर आणून ठेवतात आणि ते आपले आपण भाजून खायचे. बाहेर जेवायला जायचं, स्वयंपाक आपणच करायचा आणि वर बिलही आपणच द्यायचं, ही कल्पना मला पुण्याचा माणूस म्हणून पटत नव्हती. पण मेधाला, म्हणजे माझ्या बायकोला, जायचंच होतं. मी घरात शाकाहारी आहे आणि घराबाहेर मेधा म्हणेल तसा.

तर शनिवारची दुपार होती. आम्ही चिकनचे चार तुकडे जाळीवर ठेवून ते शिजले की नाहीत यावर चर्चा करत होतो. तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरून साठी उलटलेले, पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ उठून आले. त्यांनी खिशातून चिमटा काढला, चारही तुकडे उलटले, दोन मिनिटं हात मागे बांधून उभे राहिले आणि मग दोन-दोन तुकडे आमच्या बशीत वाढून परत आपल्या जागेवर गेले.

‘हा हॉटेलचा माणूस आहे का गं?’ मी मेधाला हळूच विचारलं.

‘हॉटेलचा न्हाई,’ पलीकडून उत्तर आलं. ‘कोल्हापूरचा.’

अशी आमची ओळख झाली. अण्णा सत्तरच्या दशकात इंग्लंडला आलेले. एकतीस वर्षं विमानतळावर कार्गोमध्ये नोकरी केली आणि रिटायर झाले. काकूंना जाऊन चार वर्षं झाली होती. एकुलती एक मुलगी, नीता, नवऱ्याबरोबर कॉव्हेंट्रीला. अण्णा इथे दोन मजली घरात एकटे राहायचे, आणि गुडघ्यामुळे वरच्या मजल्यावर फक्त झोपायला जायचे.

तरुणपणी म्हणे अण्णांशिवाय गावातलं एकही लग्न पार पडत नसे. नवरदेव बदलत, वाढपी तोच. तीनशे पानांची पंगत असली तरी कुणाच्या पानात काय संपलंय ते त्यांना न बघता कळे. मग हा माणूस अशा देशात आला, जिथे लोक आपापली बशी स्वतःच भरून घेतात आणि कोपऱ्यात उभं राहून खातात. अण्णांनी ते मुकाट्याने सोसलं. आणि रिटायर झाल्यावर घराजवळच हे रेस्टॉरंट निघालं. ओळीने बसलेली माणसं, समोर विस्तव, तव्यावरून पानात पडावं तसं गरम अन्न. अण्णांचे पाय जागेवर राहिनात.

ते प्रत्येक शनिवारी दुपारी बरोबर साडेबाराला येत. स्वतःसाठी चिकन आणि कोळंबी मागवत, ती भाजत आणि शेजारच्या टेबलावर वाढून येत. ते संपलं की त्या टेबलावरचं जे असेल ते भाजून देत. बीफ ते खात नसत, पण वाढायला त्यांची हरकत नव्हती. त्यासाठीच दुसरा चिमटा. ‘ज्येच्या पानात ज्येचं,’ ते म्हणत.

इंग्लिश माणूस आग्रहाला कसा तोंड देतो हे मी तिथेच पाहिलं. एक वयस्कर जोडपं लग्नाचा वाढदिवस साजरा करायला आलं होतं. अण्णांनी आजोबांच्या बशीवर मशरूम धरलं.

‘वन मोर.’

‘नो, थँक यू. आय रिअली कुडन्ट.’

‘स्मॉल वन.’

‘नो, ऑनेस्टली.’

‘फॉर हर सेक,’ अण्णांनी आजींकडे बोट दाखवलं.

आजोबांनी खाल्लं. जाताना त्यांनी अण्णांच्या हातात दोन पौंडांची टिप ठेवली. अण्णांनी ती अहेर समजून आजींच्या ओटीत, म्हणजे पर्समध्ये, परत घातली.

मोरीसाननी सुरुवातीला आक्षेप घ्यायचा प्रयत्न केला. ते जपानी पद्धतीने कमरेत वाकून काहीतरी विनंती करत. अण्णांना वाटे, माणूस कामाने थकलाय. ते त्यांना खुर्चीवर बसवत आणि कोळंबी वाढत. तिसऱ्या शनिवारी मोरीसाननी विनंती बंद केली, आणि पाचव्या शनिवारी अण्णांना एक काळा एप्रन आणून दिला. नवीन गिऱ्हाइकं अण्णांना मालकाचा थोरला भाऊ समजत.

अण्णांचं शास्त्र पक्कं होतं. ते मला त्यांनी जाळी घासता घासता समजावून सांगितलं. ‘माणसाचं पयलं नको रीतीचं असतंय, पाव्हणं. दुसरं लाजंचं. तिसरं खरं. म्हणून तीनदा इचारायचं. आन् त्यो अर्धंच वाढा म्हणाला, तर समजायचं, मानूस भुकेला हाय. अख्खं वाढायचं.’

मी म्हटलं, आमच्याकडे एकदा विचारतात, तेही दार अर्धं उघडून.

‘त्ये म्हाईत हाय,’ अण्णा म्हणाले.

एक गोष्ट मात्र माझ्या बऱ्याच उशिरा लक्षात आली. अण्णांना जेवताना मी कधी पाहिलं नव्हतं. वाढप्याने पंगत उठल्यावर बसायचं असतं, हा त्यांचा नियम. पण हॉटेलात पंगत उठत नाही. एक टेबल उठलं की दुसरं बसतं, आणि तीन वाजता मोरीसान स्वयंपाकघर बंद करतात. तोवर अण्णांच्या टेबलावरचे निखारे राख झालेले असत. अण्णा एप्रन घडी करून ठेवत, चिमटे रुमालात गुंडाळत आणि घरी जात.

‘घरी जाऊन जेवता का?’ मी एकदा विचारलं.

‘दहीभात हाय की,’ ते म्हणाले.

ते आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हाची गोष्ट. मी विचारलं, ‘अण्णा, चहा?’ ते म्हणाले, ‘नको नको.’ मी बरं म्हणालो आणि स्वतःसाठी केला. दीड तास अण्णा माझ्याशी गप्पा मारत आणि किटलीकडे बघत बसले. मग मेधा ऑफिसातून आली. ती कराडची. तिने पर्स खाली ठेवायच्या आत तीनदा विचारलं आणि अण्णा दोन कप चहा प्यायले.

त्या दिवशी दुसरा कप पिताना त्यांनी आम्हाला कार्गोची हकिगत सांगितली. नोकरीचा पहिला दिवस. कँटीनमधल्या बाईंनी विचारलं, ‘टी, मिस्टर चौगुले?’ अण्णा रीतीप्रमाणे म्हणाले, ‘नो, नो.’ बाईंनी भिंतीवरच्या यादीत त्यांच्या नावापुढे ‘टी नाही’ असं लिहिलं. ती यादी पुढे नव्या कागदावर उतरवली गेली, बाई बदलल्या, भिंतीचा रंग बदलला, पण नोंद कायम राहिली.

‘मग तुम्ही सांगितलं नाहीत?’ मेधाने विचारलं.

‘आपल्या तोंडानं कसं मागायचं? इचारतील म्हटलं परत.’

‘किती दिवस?’

‘एकतीस वर्सं,’ अण्णा म्हणाले. ‘मानसं चांगली हुती. फक्त परत इचारत नव्हती.’

सुपरवायझरची जागाही तशीच गेली. साहेबांनी विचारलं, अण्णा म्हणाले, ‘मला कशाला, दुसऱ्याला द्या.’ साहेबांनी दुसऱ्याला दिली. आम्ही हसलो. अण्णाही हसले. मग कप विसळायला उठले आणि नळाखाली कप धरून, आमच्याकडे पाठ करून, म्हणाले, ‘नीतानंबी इचारलं हुतं. तिची आई गेल्यावर. बाबा, इकडं ऱ्हायला येता का म्हणून. मी म्हटलं, नको गं पोरी, तुमचा संसार तुमाला. ओके बाबा म्हणाली.’

नळ चालूच होता. कप केव्हाच धुऊन झाला होता.

मला फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त लाज वाटली. कारण मागच्या दिवाळीला मीही अण्णांना फराळाला या म्हटलं होतं. ते नको म्हणाले होते. मी बरं म्हणालो होतो.

अण्णांना सत्तर पूर्ण झाली तो योगायोगाने शनिवारच होता. नीता कॉव्हेंट्रीहून एकटीच गाडी घेऊन आली. तिने आम्हाला फोन करून बोलावलं होतं. ‘तुम्ही बाबांचे फ्रेंड्स ना? प्लीज या. त्यांना सरप्राइज द्यायचा आहे.’ मोरीसाननी मधलं टेबल राखून ठेवलं होतं. अण्णा दारात आले, मुलीला पाहिलं, डोळे पुसले, एप्रन बांधला आणि कामाला लागले.

नीता चाळिशीकडे झुकलेली, फार्मासिस्ट, बोलायला मोकळी. अण्णा पलीकडच्या टेबलावर एका पंजाबी कुटुंबाला कोळंबी वाढत होते. त्यांच्याकडे बघत ती कौतुकाने म्हणाली, ‘ही लव्ह्ज इट हिअर. त्यांचा लाइफ इथे आहे. मी विचारलं होतं त्यांना, आमच्याकडे या. बट ही सेड नो, सो आय रिस्पेक्टेड दॅट. खालचा रूम पाच वर्षं तसाच ठेवला मी. बाबांचा गुडघा आहे ना, म्हणून खालचा. आता फायनली नेक्स्ट वीक तिथे ट्रेडमिल येतोय.’

मेधाने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. दुसऱ्यांच्या घरच्या गोष्टीत तोंड घालायचं नाही असं मला लहानपणापासून शिकवलं गेलंय. पण मी नीताला चहाची गोष्ट सांगितली. कँटीन, यादी, एकतीस वर्षं, सगळी.

तिला आधी ती गंमत वाटली. मग ती हसायची थांबली.

‘पण बाबांना चहा खूप आवडतो,’ ती म्हणाली.

‘हो.’

‘आय आस्क्ड हिम वन्स,’ ती स्वतःशीच म्हणाली. मग माझ्याकडे वळली. ‘परत विचारणं म्हणजे पेस्टरिंग नाही का? त्यांना प्रेशर वाटेल.’

‘तीनदा विचारायचं,’ मी म्हणालो. ‘हे पुण्याचा माणूस तुला सांगतोय, यावरून काय ते समज.’

पावणेतीन झाले. पंजाबी कुटुंब उठलं. अण्णा रिकाम्या बशा गोळा करत आमच्याकडे आले, आमच्या जाळीवरचं शेवटचं चिकन उलटू लागले. नीताने त्यांच्या हातातून चिमटा काढून घेतला. अण्णांच्या हातातून कुणी चिमटा घेतलेला मी कधी पाहिला नव्हता. मोरीसाननीही पाहिला नसावा, कारण ते काउंटरमागे उभेच राहिले.

‘बाबा, बसा.’

‘मी मागनं बसतो.’

‘पंगत उठली बाबा. बसा आता.’

अण्णा बसले. नीताने त्यांच्यासमोर बशी ठेवली आणि चिकनचा तुकडा उचलला. अण्णांनी दोन्ही हात बशीवर आडवे धरले, पंगतीत धरतात तसे.

‘बाबा, आमच्याकडे राहायला या.’

‘नको गं. तुमचा संसार…’

‘बाबा, आमच्याकडे राहायला या. तुमचा रूम रेडी आहे. खालचा आहे. जिने नाहीत.’

‘नको, पोरी. उगी तुमाला अडचण.’ या वेळी आवाज बारीक झाला होता.

नीताने माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर सरळ दिसत होतं की आपण वडिलांना त्रास देतोय असं तिला वाटतंय. मी होकारार्थी मान हलवली. तिने तुकडा बशीवर तसाच धरून ठेवला.

‘बाबा,’ ती म्हणाली, ‘मी परत विचारते. याल का?’

अण्णांनी बशीकडे पाहिलं. मग त्यांनी एक हात काढला. दुसरा तिथेच ठेवून म्हणाले, ‘सोमवार ते गुरवार येतो. अर्धा आठवडा.’

नीताचा चेहरा उजळला. ‘ओके. हाफ द वीक. दॅट्स ग्रेट, बाबा.’ आणि ती खरोखरच पर्समधून डायरी काढायला लागली. इंग्लंडमध्ये वाढलेली मुलगी. अर्धा म्हणजे अर्धा.

‘नीता,’ मेधा म्हणाली, ‘अर्धं म्हणाले की अख्खं वाढायचं असतं.’

नीता थांबली. तिने डायरी पर्समध्ये परत टाकली. एका हाताने तिने अण्णांचा बशीवरचा उरलेला हात बाजूला केला आणि दुसऱ्या हाताने तुकडा बशीत वाढला. ‘सगळा आठवडा, बाबा. सगळेच आठवडे.’

अण्णांनी तुकडा खाल्ला. मग दुसरा खाल्ला. मग कोळंबी खाल्ली, मशरूम खाल्लं, बाजूला ठेवलेला कोबीही खाल्ला. दीड वर्ष दर शनिवारी आम्ही त्यांना भेटत होतो आणि ते इतके भुकेले असतील असं मला कधी वाटलं नव्हतं.

तीन वाजून गेले होते. जाळीखालचे निखारे विझत आले होते. मोरीसान काउंटरमागून आले. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. नवे निखारे आणून खड्ड्यात घातले, दाराची पाटी उलटी करून बाहेरच्या बाजूला ‘बंद’ केली, आणि अण्णांच्या शेजारची खुर्ची ओढून चहाची किटली आणि दोन कप घेऊन बसले.